न मागता मिळणाऱ्या गोष्टी

दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या उडप्याच्या, काउंटरवर कॉफी आली की अक्का पेल्याला हात लावायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "सक्करे यारु हेळिद्रु?" साखर कुणी सांगितली? काउंटरवरचा माणूस रोज नव्याने गोंधळायचा. साखर कुणीच सांगितलेली नसायची, ती कॉफीत असतेच. "असतेच म्हणजे? मी मागितली? तू विचारलंस?" अक्कांचं कन्नड फार मऊ होतं, त्यामुळे त्या भांडताहेत हे समोरच्याला उशिरा कळायचं. मागे रांग वाढायची. शेवटी तो हात जोडून विचारायचा, अम्मा, साखर घालू का? मग अक्का प्रसन्न होऊन म्हणायच्या, "हाकी, स्वल्प जास्तीच हाकी." घाल, जरा जास्तच घाल. त्यांना गोड कॉफी फार आवडायची.

हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला नागपूरहून बंगळूरला येऊन आठवडा झाला होता. जे. पी. नगरात एका फर्निचरच्या दुकानावर आमची संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक, आम्ही पाच पोरं आणि अक्का. अक्का तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. एका सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात पंचवीस वर्षं काढून त्यांनी लवकर निवृत्ती घेतली होती आणि आमच्याकडे वर्षावर्षाच्या करारावर सल्लागार म्हणून येत होत्या. नाव वेगळंच होतं, पण मालकांपासून खालच्या सुतारापर्यंत सगळे अक्काच म्हणायचे.

त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी बोलत, पण ती मराठी कन्नडच्या शेजारी राहून राहून तिच्यासारखी चालायला लागली होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तू नागपूरचा म्हणून कळलं. जेवण आयतु, झालं? डबा आणतोस काय, बाहेर खातोस?" मी बाहेर खातो म्हटल्यावर त्यांनी डब्यातली पुरणपोळी काढून पानावर ठेवली आणि विचारलं, "तूप वरून की बाजूला?" मी म्हटलं, कसंही चालेल. त्यांनी पोळी परत डब्यात ठेवली. "कसंही म्हणून काही नसतं. ठरवलास की सांग." मी घाईघाईने वरून म्हटलं, तेव्हा मिळाली. अशी पोळी मी पुन्हा खाल्ली नाही.

आमच्या ऑफिसात सात खुर्च्या होत्या. आल्या त्या पहिल्या दिवशी अक्कांनी म्हणे सगळ्या खुर्च्यांवर पाच-पाच मिनिटं बसून बघितलं होतं, मालकांच्यासुद्धा, आणि मग दाराजवळची, आधी दाखवली होती तीच, पसंत केली. नवा संगणक आला की पडद्याचा रंग, घड्याळ, अक्षरांची जाडी, सगळं बदलायच्या. दोन दिवसांनी बरंचसं होतं तसं करायच्या. एकदा मी चिडवलं, "अक्का, मग एवढी उठाठेव कशाला?" तर म्हणाल्या, "आधी ते त्याचं होतं. आता माझं आहे." मी इतर पोरांकडे बघून डोळा मारला. तेव्हा मला वाटायचं की जगात दोन प्रकारची माणसं असतात, कामाची आणि विक्षिप्त. मी अर्थातच पहिल्या प्रकारातला होतो.

दुपारी जेवण झालं की अक्का खिडकीशी डोळे मिटून बसायच्या. बाहेर पर्जन्यवृक्ष होता, त्याची गुलाबी केसाळ फुलं खिडकीच्या कठड्यावर पडलेली असायची. बंगळूरची दुपार तेव्हा अशी होती की पंखा लावावा लागत नसे. ऊन पानांतून झिरपून त्यांच्या साडीवर पडायचं, हलायचं. आम्हाला वाटायचं, त्या झोपल्या. पण मध्येच डोळे न उघडता म्हणायच्या, "ऑर्डरच्या टेबलाला मागून दार नाही. गिऱ्हाइकाचं नाव बदललं की आत कसं जाणार?" मी बघायचो तर खरंच चूक असायची. त्या मनातल्या मनात आमच्या प्रोग्रॅममधल्या माहितीच्या टेबलांतून चालत असायच्या. एका खोलीतून दुसरीत, कुठे उजेड आहे, कुठे अंधार, कुठली फळी वाकलीय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक टेबलाला वाससुद्धा असायचा. सत्तरच्या दशकात त्या भोकं पाडलेल्या पत्त्यांचे, म्हणजे पंचकार्डांचे, गठ्ठे यंत्राला खाऊ घालायच्या. ती थंडगार खोली, यंत्राची घरघर, पत्त्यांचा कोऱ्या पुठ्ठ्याचा वास याबद्दल त्या माहेराबद्दल बोलावं तशा बोलायच्या. ऐकता ऐकता माझीही दुपार कुठच्या कुठे जायची.

आता थोडं आमच्या धंद्याचं सांगायला हवं. एक फुकट मिळणारा डेटाबेस तेव्हा आमच्यासारख्या गरीब कंपन्यांत नुकताच शिरला होता. रिलेशनल डेटाबेस म्हणजे शेवटी टेबलंच, आडव्या ओळी आणि उभे रकाने. पण ही टेबलं आत, डिस्कवर, नेमकी कशी लिहायची आणि कशी ठेवायची याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. हल्ली त्याला स्टोरेज इंजिन म्हणतात, तेव्हा आम्ही नुसतं टेबलाचा प्रकार म्हणायचो. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर डेटाबेस आपल्या मनाने एक पद्धत धरतो. ती डिफॉल्ट.

त्या डेटाबेसची डिफॉल्ट पद्धत बघून अक्का खुदकन हसल्या होत्या. "अय्यो, हिला मी ओळखते. लग्नाआधीपासून." त्यांच्या पत्त्यांच्या काळातल्या पद्धतीचीच ती नात होती. "फार चपळ. गरीब. पण एक खोड. दोन ठिकाणी लिहायचं असलं आणि मध्ये करंट गेला, तर एका ठिकाणी लिहिलेलं तसंच ठेवते. दुसरं राहिलं म्हणून पहिलं पुसायचं तिला कळत नाही." दुसरी एक नवी, जरा सुस्त पद्धत होती. तिच्यात दोन्ही लिहून झालं तरच धरायचं, नाहीतर काहीच झालं नाही असं समजून मागे जायचं. आम्ही पोरं चपळ पद्धतीवर खूश होतो. न मागता मिळत होती आणि वेगाने धावत होती, आणखी काय हवं?

मग पीण्या या बंगळूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं काम आलं. तिथे मोडलेल्या मांडीच्या हाडात घालायच्या पोलादी सळ्या बनत. प्रत्येक सळीला लाल रंग फासून, पुसून, वर पांढरी पूड मारत. कुठे केसाएवढा तडा असला तर पुडीतून लाल रेघ उमटे. एका ट्रेमध्ये बारा सळ्या. त्यात एक जरी तडकलेली निघाली तर अख्खा ट्रे बाद. तपासणीचं काम हनुमंतप्पा नावाचे वयस्क गृहस्थ करायचे आणि बाद ट्रेला लाल दोरा बांधायचे. आमचा प्रोग्रॅम आला तसा तिथल्या मालकांनी दोरा बंद केला. संगणकाला सगळं माहीत असताना दोरा कशाला?

प्रोग्रॅम साधा होता. हनुमंतप्पांनी ट्रेचा निकाल भरला की दोन गोष्टी व्हायच्या. ट्रे 'तपासायचे' या यादीतून निघून 'तपासले' या यादीत जायचा, आणि बाद असेल तर बाद झाल्याची नोंद दुसऱ्या टेबलात पडायची. 'तपासले' यादीत आहे आणि बाद नोंद नाही, असा ट्रे इस्पितळाकडे रवाना.

अक्कांनी हे ऐकलं, डोळे मिटले, बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "पीण्यात करंट दिवसातून चारदा जातो. इथे चपळ नको. दुसरी माग."

मी मागितली. टेबलं बनवायच्या आज्ञेत त्या दुसऱ्या पद्धतीचं नाव लिहिलं. यंत्र म्हणालं, ओके. मी पुढच्या कामाला लागलो. त्या डेटाबेसची एक गंमत तेव्हा मला ठाऊक नव्हती. आपल्याकडच्या प्रतीत ती दुसरी पद्धत घातलेलीच नसली, तर तो तसं सांगत नसे. ओके म्हणून निमूटपणे डिफॉल्ट टेबलं बनवून द्यायचा. नेमकं काय बनलं ते बघायचं असलं तर एका ओळीची वेगळी आज्ञा होती. एका ओळीची.

दुपारी अक्कांनी विचारलं, "मागितलंस ते आलं म्हणून बघितलास?"

मला त्या क्षणाचं सगळं आठवतं. त्या खिडकीशी होत्या, मी दाराकडे पाठ करून. कठड्यावरच्या फुलांवर एक मुंगळा चालला होता. मला कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या या विचारण्याचाही कंटाळा आला होता. मी म्हटलं, "हो अक्का."

एरवी त्या उठून यायच्या. हो म्हटलं तरी यायच्या, चष्मा लावून स्वतः आज्ञा द्यायच्या, पडदा वाचायच्या. त्या दिवशी आल्या नाहीत. "सरी," म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले. वाचलो, असं मला वाटलं.

त्या दुपारनंतर अकराव्या दिवशी सकाळी अक्का आणि मी पीण्याला होतो. हनुमंतप्पा दोन दिवसांच्या सुटीवरून आले होते. रवानगीचा कागद वाचता वाचता ते थांबले आणि म्हणाले, "हा ट्रे म्हैसूरला कसा गेला? हा मी बाद केला होता." त्यांना चांगलं आठवत होतं. एका सळीला मुळाशी लाल रेघ आली होती. त्यांनी निकाल भरला आणि त्याच वेळी करंट गेला. संगणकाला बॅटरी नव्हती, बॅटरी मालकांच्या केबिनला होती. करंट आल्यावर त्यांनी बघितलं, ट्रे 'तपासले'मध्ये दिसत होता. झालं म्हणून ते घरी गेले.

अक्का संगणकासमोर बसल्या. ती एक ओळ टाइप केली. उत्तर आलं, त्यात चपळ पद्धतीचं नाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. "हे आपण मागितलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि फोनकडे गेल्या.

म्हैसूरची लाइन लागेना. विसाव्या मिनिटाला लागली. डॉक्टर म्हणाले, त्या ट्रेमधली सळी आज दुपारीच बसवायची आहे. बाजारात फुलं विकणारी एक बाई, स्कूटरने उडवलेली, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, सहा दिवस वाट बघतेय. तिच्या मापाची सळी फक्त त्याच ट्रेमध्ये आहे. अडीचपर्यंत दुसरी आणलीत तर थांबतो. त्यानंतर आज जमणार नाही आणि तिचा पाय आणखी थांबणार नाही.

हनुमंतप्पांनी त्या मापाच्या सळ्या पुन्हा रंग लावून, पूड मारून आमच्यासमोर तपासल्या. कारखान्याची गाडी निघाली. चालक नुसता पाठवला असता तरी चाललं असतं, पण अक्का सळ्यांचं खोकं मांडीवर घेऊन आत बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू पण ये."

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. रामनगरचे मोठमोठे गोल खडक, चन्नपट्टणच्या दुकानांत टांगलेली रंगीत लाकडी खेळणी, मंड्याच्या अलीकडे उसाचं हिरवं, त्यावर पातळ ऊन. गाडी जोरात चालली होती आणि तरी काहीच पुढे सरकत नाही असं वाटत होतं. अक्का खोक्यावर दोन्ही हात ठेवून बाहेर बघत होत्या. मद्दूर गेल्यावर आपणहून बोलायला लागल्या.

"पी.यू.सी.ला, तुमची बारावी असते तशी, गणितात मी कॉलेजात पहिली. वडिलांना म्हटलं, मला इंजिनिअरिंगला घाला. सरी, म्हणाले. आई सरी म्हणाली. काका सरी म्हणाले. मी सगळा उन्हाळा गणितं केली. जूनमध्ये वडील हात धरून घेऊन गेले ते टायपिंगच्या वर्गात." त्या हसल्या. "भांडू कुणाशी? नाही म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं. वडील वाईट नव्हते रे. मुलींना जे करतात ते त्यांनी केलं. मी वेगळं मागितलं होतं हे त्यांच्या ध्यानातसुद्धा राहिलं नव्हतं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते, अक्का, मी बघितलं नव्हतं. पण चालक पुढे होता, घड्याळ धावत होतं, आणि आपल्याला न सांगण्याची कारणं कधी कमी पडत नाहीत. मी उसाकडे बघत राहिलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. व्हरांड्यात ढकलगाडीवर ती फुलवाली झोपली होती. केसांत कुणीतरी मोगऱ्याचा तुकडा माळला होता, तो सुकला होता. तिने अक्कांना विचारलं, "तुम्ही कोण अम्मा?" अक्का म्हणाल्या, "तुझं सामान घेऊन आले." आणि तिला आत नेईपर्यंत तिचा हात धरून उभ्या राहिल्या.

परत घेतलेला ट्रे अक्कांनी खिडकीशी नेला. एकेक सळी उजेडात धरून बघितली, पूर्ण बारा. सगळ्या सारख्याच चकाकत होत्या. "बघून काही कळत नाही," म्हणाल्या. संध्याकाळी फोन आला की ऑपरेशन नीट झालं. पुढे महिन्या-दीड महिन्याने ती काठी घेऊन चालायला लागल्याचंही कळलं. पीण्यात परत रंग लावला तेव्हा सातव्या सळीच्या मुळाशी लाल रेघ उमटली. तिथे हनुमंतप्पांनी खिशातून दोरा काढून ट्रेला बांधला. मालक समोर होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

दोन दिवसांनी बैठक झाली. पीण्याचे मालक, आमचे मालक, अक्का आणि मी. चूक कुणाची, असं विचारलं गेलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "टेबल मागितलेलंच आलं का, हे बघायचं काम माझं. मी बघितलं नाही."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सगळे माझ्याकडे वळले. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोललो नाही. मी नुकताच लागलो होतो, गावी बहिणीचं लग्न ठरत होतं, असं बरंच काही माझ्याकडे होतं. पण खरं एवढंच की मी भ्यालो. पुढच्या महिन्यात अक्कांचा करार संपला आणि मालकांनी तो वाढवला नाही. जायच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कॉफी पाजली. मला विचारलं, "साखर?" मी म्हटलं, "नको." काहीतरी ठरवून सांगितल्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

त्यांच्या बसवनगुडीच्या घरी जायला मला चार महिने लागले. दोनदा रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत फिरलो होतो. तिसऱ्यांदा फाटक उघडून आत गेलो. त्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अक्का, त्या दिवशी मी हो म्हटलं ते खोटं होतं. मी बघितलं नव्हतं. बैठकीत पण बोललो नाही.

"ठाऊक आहे रे," त्या म्हणाल्या. "बस."

"पीण्यात पडदा बघितलात तेव्हा कळलं?"

"ते तर कळलंच. पण तू हो म्हटलास तेव्हापण उठणार होते मी." त्यांनी एक शेंग मोडली, दाणे परातीत टाकले. "मग म्हटलं, बाई, सगळा जन्म उठतेस. कोण काय देतंय, काय घालतंय, मागितलं ते आलं का नाही. एकदा तरी कुणाच्या हो वर बसून राहावं. कसं वाटतं म्हणून बघावं."

मला रडू येत होतं आणि ते लपवायला जागा नव्हती. मी विचारलं, "मग?"

अक्कांनी आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. तो असता तर फार बरं झालं असतं.

"अकरा दिवस फार सुखाचे गेले," त्या म्हणाल्या. "दुपारी अशी झोप लागायची रे मला. मनाशी म्हणायची, पोरगं बघतंय."